ऑस्ट्रियाचा सरदार आमच्या स्वयंपाकघरात

मी आयुष्यात घोड्यावर बसलेली नाही. लहानपणी माथेरानला एकदा बसवलं होतं, पण तो घोडा जागचा हललाच नाही, तेव्हा ते काही मी धरत नाही. तरीही गेल्या वर्षी वसंतात तब्बल दोन महिने मी उठता-बसता, खाता-पिता एका ऑस्ट्रियन घोडदळाच्या जनरलबरोबर होते. खरं सांगते, इतकी मजा मला हनिमूनलासुद्धा आली नव्हती. नवऱ्याला हे सांगितलं तर तो पेपरमधून मान वर न करता म्हणाला, "मलाही."

झालं असं, की रिटायर झाल्यावर मी लंडनमध्ये स्टॅनमोरला आमच्या भागातल्या लायब्ररीतल्या इतिहासाच्या ग्रुपमध्ये जायला लागले. नातवंडं नाहीत, योगा करताना मला झोप लागते आणि ब्रिज खेळायला बसले की माझ्या पार्टनरला रडू येतं. मग उरला इतिहास. पंधरा-वीस माणसं, बहुतेक गोरी, बहुतेक सत्तरीच्या पलीकडची. महिन्यातून एकदा गुरुवारी सकाळी अकराला जमायचं, चहा प्यायचा आणि कुणीतरी चाळीस मिनिटं बोलायचं. विषय निवडायची पद्धत अशी, की बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात सगळ्यांनी चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याची पाळी त्याने डोळे मिटून एक उचलायची. बदलून मिळत नाही. माझ्या आधीच्या गृहस्थांना दीपगृहं मिळाली होती आणि त्यांनी ती शेवटच्या दिव्यापर्यंत सांगितली.

सहा महिने मी मागच्या रांगेत बसून काढले. सातव्या महिन्यात ग्रुपच्या बाई, म्हणजे एक निवृत्त हेडमिस्ट्रेस, डबा घेऊन थेट माझ्यासमोर आल्या. मला विषयाची भीती नव्हती, उभं राहून बोलायची होती.

त्याचं कारण मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मी भूल देणारी डॉक्टर. इथल्या हॉस्पिटलात आयुष्य गेलं, रिटायर झाले ती असोसिएट स्पेशालिस्ट म्हणून. म्हणजे काम कन्सल्टंटचं, इथल्या सर्वांत वरच्या डॉक्टरचं, आणि दारावरची पाटी दुसऱ्याची. पंचवीस वर्षांपूर्वी मी कन्सल्टंटच्या जागेसाठी इंटरव्ह्यूला गेले होते. टेबलापलीकडे पाच जण बसलेले. पहिला प्रश्न आला आणि माझी दातखीळ बसली. ततपपसुद्धा नाही, अगदी काहीच नाही. त्यांनी पाणी दिलं, मी पाणी प्यायले, ग्लास ठेवला आणि पुन्हा काही नाही. घरी येऊन सांगितलं, "त्यांचं आधीच ठरलेलं होतं." सगळ्यांना ते पटलं, कारण तसं पुष्कळदा असतंही. त्यानंतर मी अर्ज केला नाही आणि चार माणसांसमोर कधी उभी राहिले नाही. शिकवलं ते एकेकट्याला, पेशंटच्या उशाशी. मी शिकवलेली पोरं पुढे माझी बॉस झाली. चांगली होती बिचारी, ख्रिसमसला चॉकलेट द्यायची.

तर डब्यात हात घातला. मनात म्हणत होते, देवा, चहा दे, मसाले दे, फार तर एखादी राणी दे. चिठ्ठी निघाली : एकोणिसाव्या शतकातल्या अमुक ऑस्ट्रियन घोडदळ-जनरलची कारकीर्द. नाव म्हणजे आठ नावांची माळ, मध्ये 'फॉन' असा माशाच्या काट्यासारखा अडकलेला. मला ते अजूनही एका दमात म्हणता येत नाही, म्हणून इथेही म्हणत नाही. मी घरी आले आणि जाहीर केलं की मला ताप आहे. नवरा हाडांचा डॉक्टर, आणि तो मात्र कन्सल्टंट. त्याने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "अगं, ताप कसला? दोन महिने आहेत. घोड्याचं हाड मोडलं तर मला विचार."

लायब्ररीने तीन जाड पुस्तकं मागवून दिली. पहिलं मी शिक्षा भोगल्यासारखं उघडलं आणि तिसऱ्या पानावर हसायला लागले. कारण माझ्या जनरलची कारकीर्द अशी होती, की दर पराभवाला एक बढती!

जन्माने काउंट. सतराव्या वर्षी मामाच्या एका चिठ्ठीवर पलटणीत अधिकारी झाला. परीक्षा नाही, इंटरव्ह्यू नाही, 'आमचा भाचा आहे' एवढ्यावर भागलं. पहिली अकरा वर्षं साम्राज्याच्या पार पूर्वेला, गॅलिशिया प्रांताच्या चिखलात पत्ते खेळण्यात गेली, त्यात दोन बढत्या. मग इटलीत लढाई. धुळीत काही दिसेना, तेव्हा याने तलवार उपसली, हल्ल्याचा हुकूम दिला आणि सबंध रिसाला घेऊन चौखूर निघाला तो भलत्याच दिशेला. शत्रू मागे राहिला, समोर कोबीचं शेत. परतताना घोड्याला गोळी लागली. तर हा खोगीर खांद्यावर टाकून, पांढरा डगला कोबीत बरबटलेला, पायी छावणीत आला. लगेच मेजर! मी स्वयंपाकघरात स्वतःशीच खदाखदा हसत होते आणि त्याच वेळी इतकी चिडले होते, की हातातली पेन्सिल मोडली.

आमच्या स्वयंपाकघरात सहसा मी एकटी नसते. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सासूबाई असतात. नव्वदीच्या. सांगलीला प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. सासरे गेल्यावर, तीस वर्षांपूर्वी आमच्याकडे आल्या. आमचं कधीच भांडण झालं नाही आणि यात काही फार कौतुक नाही, कारण भांडायला आधी बोलावं लागतं. आमचं बोलणं म्हणजे "अहो आई, गोळी घेतली का?" आणि "आज आमटीत मीठ जरा पुढे आहे हं." मीठ पुढे गेलं म्हणजे काय, हे सुनांना समजतं.

त्या दिवशी त्या जवळच्या एजवेअरच्या देशी दुकानातून आणलेली मेथी निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "कुणाला हसतेस?"

मी सांगितलं. मला वाटलं, ऐकतील आणि मेथीकडे वळतील. पण त्यांनी जुडी बाजूला ठेवली.

"घराणं कुठलं?"

"व्हिएन्नाजवळचं. मोठी जहागीर होती."

"मग सरदार म्हण की. जनरल काय! बायको?"

"लग्न केलं नाही. त्या काळी अधिकाऱ्यांना लग्नाला वरून परवानगी लागायची, आणि याने अर्जच केला नाही म्हणे."

"अर्ज केला नाही, का कुणी पुसलं नाही?" त्या म्हणाल्या. "पुढे सांग."

झालं. तेव्हापासून रोज दुपारी चारला, चहाच्या वेळी, मी सरदार सांगायचे आणि त्या ऐकायच्या. अर्थातच मराठीत. त्यांचं इंग्रजी म्हणजे 'थँक्यू व्हेरी मच' आणि बसचे नंबर. ऐकायच्याही अगदी मास्तरीणबाईंसारख्या. मधेच अडवून विचारायच्या, मी चुकले की टेबलावर टिचकी मारायच्या, काल सांगितलेलं आज म्हणून घ्यायच्या. मी सहासष्ट वर्षांची बाई, वहीत बघायला गेले की म्हणायच्या, "वही मीट. तोंडपाठ हवं." एका जागी मी विचारायचे, "घोडा पडला, छावणी तीन कोस लांब, मग त्याने काय केलं असेल?" आणि त्या दरवेळी तितक्याच उत्साहाने ओरडायच्या, "खोगीर उचललं आणि चालत निघाला!"

पुढे प्रशियाशी युद्ध झालं. त्यात सरदाराच्या घोडदळाला दिवसभर मागे राखून ठेवलं होतं. लढाई हरल्यावर वरून निरोप आला, आता निघा.

"म्हणजे वरातीमागून घोडं," सासूबाई म्हणाल्या आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतक्या हसल्या, की त्यांना पाणी द्यावं लागलं. तीस वर्षांत मी त्यांचे दात एवढे कधी पाहिले नव्हते. दात नवे होते, ती गोष्ट वेगळी.

पण खरं म्हणजे त्याच दिवशी सरदाराने एक काम धड केलं. हरलेलं सैन्य नदी पार करून जात होतं आणि मागून तोफा येत होत्या. हा आपले घोडेस्वार घेऊन मध्ये उभा राहिला. एकदा गेला, परत आला, पुन्हा गेला. सगळे पार होईपर्यंत हलला नाही. निम्मे स्वार तिथेच राहिले. हे सांगून झालं तेव्हा सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "कोबीच्या शेताचं माफ केलं त्याला." त्या दिवसापासून नवरा संध्याकाळी घरी आला की विचारायचा, "सरदार जेवले का?" आणि आम्ही दोघी एकदम त्याला गप्प करायचो.

ग्लासगोला असलेली मुलगी दर रविवारी फोन करते. ती तिथे जन्मलेली नाही, पण मराठी तिचं तिकडचंच. "मम, जनरलचा टॉक कशी चाललाय?"

"मस्त. आजीला सगळं पाठ झालंय."

"आजीला? मम, तू प्रॅक्टिस मराठीत करतेस? बट टॉक तर इंग्लिशमध्ये आहे ना! प्लीज, एकदा तरी प्रॉपर्ली इंग्लिशमध्ये कर."

"अगं, इंग्लिशची काय काळजी? चाळीस वर्षं मी इंग्लिशमध्ये माणसं झोपवली आहेत."

"दॅट्स व्हॉट आय ॲम अफ्रेड ऑफ," ती म्हणाली.

बघता बघता घोडामैदान जवळ आलं. आदल्या दोन दिवसांत मला अन्न जाईना. मी आरशासमोर उभी राहून तोंड उघडलं तर त्यातून आवाजच येईना, फक्त ते पाच जण आणि पाण्याचा ग्लास दिसायचा. मी नवऱ्याला म्हटलं, ईमेल करून टाक, घसा बसलाय म्हणून. तो लिहायला बसलाही. तेवढ्यात सासूबाई जिन्यावरून खाली आल्या, हिरवी पैठणी हातावर घेऊन. "उद्या ही नेसू का? सरदाराच्या मानाने बरी आहे ना?"

"आई, तुम्ही येणार? तुम्हाला काही कळायचं नाही तिथे."

"इंग्रजी कळत नाही गं. सरदार कळतो ना."

नवऱ्याने ईमेल मिटवली.

गुरुवारी सकाळी लायब्ररीत बावीस माणसं होती. मी मोजली, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. सासूबाई पहिल्या रांगेत, पैठणीवर माझा जुना पार्का कोट, मांडीवर पर्स. हेडमिस्ट्रेसबाईंनी माझी ओळख करून दिली. टेबलावर पाण्याचा जग आणि ग्लास होता. मी उठले. त्या ग्लासाकडे पाहिलं. आता तेच होणार, याची मला पूर्ण खात्री होती. म्हणून मी मान वळवून सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी पर्सवर टिचकी मारली.

आणि मी सुटले! कशी सुटले म्हणून सांगू! मामाची चिठ्ठी, गॅलिशियाचा चिखल, पत्त्यांचा डाव, शब्द नुसते टापा वाजवत येत होते. हात हलत होते, आवाज चढत होता. इटलीतल्या धुळीत मी स्वतः तलवार उपसली, म्हणजे लायब्ररीचा पॉइंटर. लोक कसे ऐकत होते! सगळे पुढे वाकलेले, चेहऱ्यावर गोड हसू, कुणी चुळबुळ करत नाही. दीपगृहवाले गृहस्थ तर डोळे मिटून मान हलवत होते. मला आतून इतकं हलकं वाटत होतं, की वाटलं, हे असं असतं होय? मग पंचवीस वर्षं मी काय करत होते?

घोडा पडला. मी थांबले, सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, "मग त्याने काय केलं असेल?"

बावीस माणसं अदबीने हसली. आणि पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "खोगीर उचललं आणि चालत निघाला!"

सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या.

एकट्या सासूबाईंनाच कसं समजलं, असं मनात आलं मात्र, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी मराठीत बोलत होते. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे सहा मिनिटं मी स्टॅनमोरच्या बावीस सभ्य माणसांना शुद्ध मराठीत ऑस्ट्रियाचा इतिहास सांगत होते आणि एकानेही मला थांबवलं नव्हतं. थांबवणार तरी कसं? मधे बोलणं वाईट दिसतं ना!

माझं तोंड उघडं राहिलं. पुढचा शब्द येईना. तेच झालं, तीच शांतता, तोच ग्लास. एक हात आपोआप ग्लासाकडे गेलासुद्धा.

तेवढ्यात हेडमिस्ट्रेसबाई हळूच म्हणाल्या, "दॅट वॉज लव्हली, डिअर. वुई अस्यूम्ड इट वॉज अ ब्लेसिंग."

त्यांना ती प्रार्थना वाटली होती! आमच्याकडे सुरुवातीला असं काहीतरी म्हणतात आणि घरातलं वडीलधारं माणूस मधे जोरात उत्तर देतं, असा सगळ्यांचा समज झाला होता. कोबीच्या शेताची प्रार्थना! मी बघितलं तर सासूबाई पदरात तोंड खुपसून गदागदा हलत होत्या. चूक त्यांच्या माझ्या आधी लक्षात आली होती की काय, देव जाणे. मला हसू फुटलं. ते आवरेना. मी टेबलाला धरून हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. मग मी लोकांना इंग्रजीत सांगितलं, की हे असं असं झालं, ही माझी सासू, आणि तुम्ही आत्ता ज्याला टाळ्या दिल्या ते खोगीर होतं. तेव्हा हॉल असा हसला, की बाहेर पुस्तकं परत करायला आलेली माणसं दारात येऊन उभी राहिली.

इंटरव्ह्यूच्या त्या खोलीत कुणी हसलं नव्हतं. बहुतेक एवढंच कमी पडलं होतं, असं आता मला वाटतं.

त्यानंतर मी चाळीस मिनिटं इंग्रजीत बोलले, ग्लासाला हात न लावता. दर बढतीला लोक हसले. शेवटी नदीवर सगळे गप्प झाले. सगळे पार झाल्यावर सरदार सर्वांत शेवटी घोड्यावरून परत आला आणि पुढे म्हातारपणी एका परेडला पावसात भिजून सर्दीने गेला, हे ऐकल्यावर दीपगृहवाल्यांनी नाक शिंकरलं. प्रश्नांच्या वेळी कुणी घोड्यांच्या चाऱ्याबद्दल विचारलं, कुणी खोगिराच्या वजनाबद्दल. मला सगळं येत होतं. सगळं! एक आजी मागून म्हणाल्या, की पहिली सहा मिनिटं त्यांना एक अक्षर कळलं नाही, पण घोडा मात्र दिसला. मी त्यांचा हात धरून इतका वेळ हलवला, की त्यांचा चहा सांडला.

परत निघालो. गाडीत बसल्यावर मी सासूबाईंचा सीटबेल्ट लावला, माझा लावला, गाडी सुरू केली आणि निघायच्या आधीच पुन्हा हसायला लागले. त्याही हसल्या. मग त्यांनी रुमालाने डोळे पुसले आणि विचारलं, "एवढं येत होतं, तर उभी राहिलीस तेव्हा एवढी घाबरली का होतीस? पांढरीफटक पडली होतीस गं."

इतका आनंद झाला असताना माणसाला खोटं बोलायचं सुचत नाही. मी सांगून टाकलं. इंटरव्ह्यू, पाच माणसं, दातखीळ. त्यांचं आधीच काही ठरलेलं नव्हतं, मी बोललेच नव्हते. नवऱ्यालाही हे माहीत नाही, म्हटलं.

त्या समोर बघत होत्या. "त्या दिवशी मी दार उघडलं होतं तुला," त्या म्हणाल्या. "चेहरा पाहिला होता. म्हटलं, सुनेला काय विचारायचं." मग रुमालाची घडी घालत, "काय विचारलं होतं गं त्यांनी, एवढं अवघड?"

"अवघड कुठलं, आई. म्हणाले, स्वतःबद्दल थोडं सांगा."

"मग सांग की."

"कुणाला?"

"मला. सरदाराच्या मामापर्यंत सगळं ठाऊक झालं. तीस वर्षं तुझ्या हातचं जेवतेय, तुझं काय ठाऊक आहे मला?"

मी गाडी बंद केली.